हेड गेलं असं म्हणण्याआधी

फ्लॅटबेड प्रिंटरच्या, म्हणजे सपाट बेडवर ठेवलेल्या मटेरियलवर थेट छापणाऱ्या मशीनच्या, स्क्रीनवर 'हेड एरर' उमटला की आसपासच्या सगळ्यांची नजर कॅरेजच्या, म्हणजे शाई उडवणारी हेड घेऊन बेडवरून मागेपुढे धावणाऱ्या भागाच्या, पोटाखाली जाते. 'हेड गेलं' हे वाक्य कुणीतरी बोलून टाकतं आणि पुढचं सगळं त्या वाक्यामागून फरफटत जातं: हेड काढा, धुवा, नवं मागवा. या मशीनांभोवती काम करताना मी हे वाक्य फार वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्या हेडची बाजू घ्यावीशी वाटते. कारण स्क्रीनवरची ती ओळ लिहिणारा बोर्ड असतो. त्याला ठरावीक तापमान, ठरावीक व्होल्टेज, ठरावीक वेळात उत्तर हवं असतं. ते मिळालं नाही की ज्या हेडच्या वाटेवर गडबड झाली त्याचा नंबर लिहून तो मोकळा होतो. तक्रार कुणाच्या नावावर नोंदली गेली एवढंच त्यातून कळतं.

आणि ती वाट लांबलचक असते. रिप या छपाईच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली फाइल मेनबोर्डवर येते, तिथून केबलने सरकत्या कॅरेजवरच्या बोर्डात, तिथून हेडबोर्डात आणि शेवटी एका पातळ, चपट्या केबलमधून हेडमध्ये. शाईची वाट वेगळी. मोठी टाकी, पंप, फिल्टर, कॅरेजवरची छोटी टाकी म्हणजे सब-टँक, काही मशीनांत शाईचे धक्के शोषणारा डॅम्पर, मग हेड. तिसरी वाट हवेची; शाई नोझलच्या, म्हणजे हेडच्या बारीक भोकांच्या, तोंडाशी गळू न देता धरून ठेवणारं निगेटिव्ह प्रेशर तिच्यातून येतं. या तिन्ही वाटा जिथे मिळतात तिथे हेड बसलेलं असतं. कुठेही काही बिनसलं तरी ते दिसतं हेडच्याच तोंडावर.

या तोंडाकडे एकदा भिंगातून बघावंच. रिकोच्या जेन ५ हेडमध्ये १२८० नोझल असतात, ३२० च्या चार ओळींत. क्योसेराच्या केजे४ मध्ये २६५६. प्रत्येक भोक केसापेक्षा बारीक. ७ पिकोलिटरचा थेंब पूर्ण गोल धरला तर त्याचा व्यास जेमतेम २४ मायक्रॉन भरतो, आणि पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. हा थेंब बाहेर ढकलायला आत कुठलीही झडप नाही, दट्ट्या नाही. १८८० मध्ये प्येर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं की काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी याच्या उलट घडलं पाहिजे असं गणिताने मांडलं आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने खरं करून दाखवलं. व्होल्टेज दिलं की स्फटिक किंचित आकार बदलतो. हेडमधला पिएझो, म्हणजे असाच एक पदार्थ, हेच करतो. काही मायक्रोसेकंदांची विजेची लाट येते, पिएझो हलतो, शाईच्या कप्प्यात दाब उसळतो आणि तोंडाशी थेंब सुटतो. सेकंदाला हजारो वेळा, शेकडो नोझलमधून, तक्रार न करता. इतकं बारीक काम करणाऱ्या वस्तूवर आळ घ्यायचा तर पुरावा हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तापमानाचा एरर घ्या. यूव्ही शाई, म्हणजे अतिनील प्रकाशाने सुकणारी शाई, खोलीच्या तापमानाला दाट असते. साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेली की तिचा दाटपणा १० मिलिपास्कल-सेकंदाच्या आसपास येतो आणि तेव्हा कुठे ती नीट उडते. त्यासाठी हेडपाशी हीटर असतो आणि तापमान सांगणारा थर्मिस्टर. आता स्क्रीनवर एखाद्या हेडसमोर शून्याच्या खालचा आकडा दिसला, किंवा दीडशे अंश दिसले, तर तो तापमानाचा आकडा समजूच नका. थर्मिस्टरची लाइन तुटली किंवा शॉर्ट झाली की बोर्डाचं गणित असल्या टोकाच्या आकड्यावर जाऊन अडकतं, आणि ती लाइन केबलमधूनच येते. यासाठी माझी आवडती वेळ म्हणजे सकाळची. मशीन रात्रभर बंद आहे, हीटर अजून पेटलेला नाही. पॉवर दिल्यावर पहिल्या क्षणाला सगळ्या हेडांचं तापमान खोलीइतकं आणि जवळपास एकसारखं दिसलं पाहिजे. एकटंच हेड पाच-सहा अंश वेगळं सांगत असेल तर गडबड संवेदकात किंवा त्याच्या वाटेत आहे, हे कॅरेज उघडायच्या आधीच कळतं. दुपारी, सगळं तापल्यावर, हाच फरक ओळखणं फार अवघड होऊन बसतं. ऑपरेटरला हे एकदा सांगितलं की तो रोज बघायला लागतो, आणि बघणारा ऑपरेटर असला की निम्मं काम आधीच झालेलं असतं.

तरी आकड्यांपेक्षा माझा जास्त भरवसा नोझल चेकच्या, म्हणजे प्रत्येक नोझलची एकेक रेषा छापणाऱ्या चाचणीच्या, कागदावर. फोनवरचा नेहमीचा संवाद असा असतो:

"दादा, हेड गेलं वाटतं. पर्ज मारून मारून दमलो."

"पर्जच्या आधीचा नोझल चेक आहे का?"

"तो नाही काढला. माल द्यायचा होता आज."

माल द्यायचा असतो, समोर गिऱ्हाईक उभं असतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पर्ज मारला, म्हणजे दाबाने शाई हेडमधून बाहेर ढकलली, की नोझलच्या तोंडाशी जे होतं ते वाहून जातं आणि त्याबरोबर काय घडलं होतं हेही जातं. म्हणून माझा एकच हट्ट असतो. बटणाला हात लावायच्या आधी एक नोझल चेक काढा, त्यावर तारीख-वेळ लिहा, मग काय ते करा. पर्जनंतर दुसरा काढा. थोडा वेळ थांबून तिसरा. हे तीन कागद शेजारी ठेवले की हेड आपली हकीकत सांगू लागतं.

तिन्ही कागदांवर त्याच जागच्या त्याच रेषा गायब असतील तर ती नोझल खरोखर बंद आहेत, घाणीने किंवा कायमची. गायब रेषा जागा बदलत असतील, पर्जने काही आल्या आणि दुसऱ्याच गेल्या, तर शाईत हवा आहे. कुठेतरी जोड सैल आहे, सब-टँकची पातळी खाली गेली आहे किंवा टाकी रिकामी होताना पंपाने हवा ओढली आहे. पिएझोने दिलेला दाब बुडबुडा गिळून टाकतो आणि थेंब सुटतच नाही. अशा वेळी वर्षानुवर्षं चालू शकणारं हेड बदललं जातं आणि नव्या हेडमध्येही तीच हवा शिरते. रेषा आहेत पण तिरक्या पडतात, तर नोझलच्या कडेला काहीतरी चिकटलंय किंवा नोझलची भोकं असलेली प्लेट ओली राहिली आहे. ती पुसणारा वायपर बघा, त्याची रबराची कड झिजली असेल.

आता एक फसवा प्रकार. नोझल चेक स्वच्छ येतो, एकही रेषा कमी नाही, आणि प्रत्यक्ष काम लावलं की पहिला हातभर भाग भरगच्च आणि पुढे रंग विरत जातो. नोझल चेकला लागणारी शाई नगण्य असते, ती कशीही पुरते. पूर्ण भरीव रंगाला ती पुरत नाही, कारण मागून येणारी वाट अरुंद झालेली असते: फिल्टर चोंदलाय, डॅम्परची जाळी भरलीय, पंप थकलाय. म्हणून नोझल चेकच्या पाठोपाठ प्रत्येक रंगाचा एक भरीव पट्टा मारून बघायची सवय मी सगळ्यांना लावतो. शाई मिळत नसलेलं हेड धुण्यात गेलेली दुपार बघून मला खरंच वाईट वाटतं.

आणि कागदावर अख्खी ओळच नसेल, तीही सुरी फिरवल्यासारख्या सरळ कडेने, किंवा ठरावीक अंतराने दर इतकावी रेषा नसेल, तर शाईचा नाद सोडा आणि विजेकडे वळा. शाईचा बिघाड कधी इतका नीटनेटका नसतो. घाण, हवा, गाळ यांना मोजता येत नाही. मोजून रेषा काढून टाकणं हे डेटा लाइनचं किंवा हेडमधल्या ड्रायव्हर चिपचं काम. जे छापायला सांगितलेलंच नाही ते छापलं जातंय, भलतीकडे रंगाचा पट्टा उमटतोय, तोही याच घरातला.

अशा वेळी पहिला संशय त्या चपट्या केबलवर घ्यावा. तिची टोकं बघताना मी मशीन पूर्ण बंद करतो, बोर्डावरचे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ देतो आणि मगच कनेक्टरची खिट्टी उचलतो. चालू मशीनमध्ये केबल काढणं-घालणं म्हणजे हेड आणि बोर्ड दोन्ही एकदम घालवणं. टोकावरचे पट्टे बॅटरीच्या उजेडात तिरके धरून बघायचे. एखाद्या पट्ट्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग असतो, तो जळल्याचा. कधी केबल अर्ध्या मिलिमीटरने तिरकी बसलेली असते आणि कडेची लाइन शेजारच्या पिनेवर टेकलेली असते. आणि कधी टोकाशी रंगाची बारीकशी झाक दिसते. शाई केबलच्या कडेने केशाकर्षणाने वर चढत कनेक्टरपर्यंत पोचते, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, अगदी सावकाश. वरून सगळं कोरडं दिसतं. हेड उलटसुलट धुताना पाठीमागचा भाग नीट झाकला नसेल तर हेच होतं. म्हणजे 'एरर' हेड साफ करण्यातूनच जन्माला येतो. धुतलेलं हेड लगेच बसवून पॉवर देण्याची घाई मला म्हणूनच धोक्याची वाटते.

अदलाबदलीची युक्ती सगळ्यांना माहीत असते. हेड तीन आणि हेड चार यांच्या जागा बदला. एरर हेडबरोबर गेला तर हेड दोषी, जागेवर राहिला तर बोर्ड किंवा केबल. तर्क म्हणून ती अगदी बरोबर आहे आणि मीही तिचा आधार घेतो. पण शॉर्टचा वास येत असेल तिथे ती आधी कधीच करत नाही. शॉर्ट झालेलं हेड चांगल्या बोर्डावर लावलं तर तो बोर्ड जळतो, आणि जळका बोर्ड पुढच्या चांगल्या हेडला घेऊन बुडतो. एका बिघाडाचे तीन होतात, आणि मग सुरुवात कुठून झाली हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी डोळ्यांनी बघायचं, मग सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या पिनांवर मल्टीमीटर लावायचा, फ्यूज तपासायचे, मग केबल बदलून बघायची आणि सगळ्यांत शेवटी हेड हलवायचं. एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर ते कशाने चालू झालं हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पाटी कोरी.

यूव्ही मशीनचं एक दुखणं खास तिचं स्वतःचं असतं. शाई सुकते ती प्रकाशाने. एलईडी लॅम्प बहुतेक ३८५ किंवा ३९५ नॅनोमीटरचे असतात. छापताना मटेरियल आरसा असेल, चकचकीत धातू असेल, काच असेल, तर तोच प्रकाश उलटून नोझल प्लेटवर येतो आणि तोंडाशी थांबलेली शाई तिथल्या तिथे घट्ट होते. ती नुसती वाळलेली नसते, तिच्या रेणूंची जाळी बनलेली असते. फ्लशिंग लिक्विडमध्ये ती परत विरघळत नाही. नोझल चेकवर लॅम्पच्या बाजूच्या ओळी आधी आणि जास्त गेलेल्या दिसल्या की मी विचारतो, अलीकडे आरशावर काम केलंत का? मटेरियल बेडपेक्षा लहान असेल तर उघडा राहिलेला ॲल्युमिनियमचा बेडसुद्धा हेच करतो. तो मॅट कागदाने झाकायला मिनिटभर लागतं. खिडकीतून कॅरेजवर पडणारं तिरकं ऊनही तितकंच वाईट.

पांढऱ्या शाईबद्दल थोडक्यात. तिच्यातला टायटॅनियम डायऑक्साइड शाईच्या द्रवापेक्षा जवळपास चौपट जड असतो, म्हणून तो तळाशी बसतो. सर्क्युलेशनचा पंप बंद ठेवून सुट्टीवर जाऊ नका. यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

निगेटिव्ह प्रेशरचं मात्र गूढ वाटावं असं आहे. वातावरणाच्या दाबापेक्षा काही किलोपास्कल कमी, इतक्याशा फरकावर नोझलच्या तोंडाशी शाईचा आत वळलेला पडदा टिकून असतो. दाब सुटला की शाई ठिबकते, सगळ्या प्लेटभर पसरते आणि एका रंगात दुसरा मिसळतो. ओढ जास्त झाली की पडदा आत खेचला जातो आणि हवा शिरते. दोन्ही प्रसंगी नोझल चेक खराब येतो आणि आळ हेडवरच. म्हणून गेजवरचा आकडा रोज लिहावा. तो सकाळी आणि संध्याकाळी वेगळा असेल तर कुठेतरी नळी भेगाळली आहे किंवा पंपाचा पडदा फाटत आला आहे.

काही गोष्टी तर हेडच्या आसपासही नसतात. सगळ्या रंगांत, बेडच्या एकाच आडव्या जागी, तीच रेघ तुटलेली दिसत असेल तर एन्कोडर स्ट्रिप, म्हणजे कॅरेजच्या वाटेवरची खुणांची पट्टी, पुसा. शाईची वाफ बसून ती धुरकट होते आणि कॅरेजला आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. सगळी हेड एकदम, एकाच जागी बिघडत नाहीत. बारीक अक्षरं दुहेरी दिसतात तेव्हाही हेडला दोष देतात. हिशोब साधा आहे. थेंबाचा वेग सेकंदाला ७ मीटर आणि कॅरेजचा १ मीटर धरला, तर २ मिलिमीटरच्या अंतरातून पडेपर्यंत थेंब जवळपास ०.३ मिलिमीटर पुढे सरकलेला असतो. मशीनने हे गृहीत धरलेलं असतं. पण मटेरियलची जाडी चुकीची भरली आणि अंतर १ मिलिमीटरने वाढलं, की जाताना आणि येताना पडलेल्या थेंबांमध्ये आणखी तितकाच फरक पडतो. हेड बिचारं सांगितलेल्या क्षणी थेंब सोडतच असतं.

उलट बाजूने हेच अंतर कमी पडलं तर हेड खरोखर मरतं. लॅम्पच्या उष्णतेने प्लास्टिकचा शीट कोपऱ्यावर उचलला जातो, वेगात आलेलं कॅरेज त्यावर घासतं, नोझल प्लेटवर ओरखडा उठतो. तो बुजत नाही. कडेला टेप लावणं, व्हॅक्यूमचा न लागणारा भाग झाकून उरलेल्या भागात ओढ वाढवणं, टक्कर ओळखणारा सेन्सर बायपास न करणं, ही कामं कंटाळवाणी आहेत, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहेत.

सफाईबद्दल माझं मत जरा कडक आहे. शाई ज्या कंपनीची, फ्लशिंग लिक्विड त्याच कंपनीचं, त्याच शाईसाठीचं. हाताला मिळालेला थिनर, स्पिरिट काहीही चालतं म्हणणाऱ्यांनी हेडमधला गोंद कधी सुटताना बघितलेला नसतो. फोमचा स्वच्छ स्वॅब भिजवून, ओळीच्या दिशेने, दाब न देता, एकदाच, घासायचं नाही. सिरिंजने जोर लावून शाई मारणं आणि अल्ट्रासॉनिक टबमध्ये हेड ठेवणं हे मी शेवटचे उपाय मानतो, तेही हेड नाहीतर टाकूनच द्यायचं आहे अशा वेळचे. त्या कंपनांनी आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात. आणि हे सगळं करताना नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवाच. न सुकलेल्या यूव्ही शाईतल्या ॲक्रिलेटची त्वचेला एकदा ॲलर्जी बसली की ती जन्माची सोबत करते.

एवढं सगळं बघून झाल्यावरही कधीकधी हेड गेलेलंच निघतं. तेव्हा ते मान्य करायला मला जड जात नाही. दोन-चार नोझल बंद असतील तर पास, म्हणजे एकाच जागेवरच्या कॅरेजच्या फेऱ्या, वाढवून, शेजारच्या नोझलवर भार टाकून मशीन अजून पुष्कळ दिवस नेता येतं, आणि दुरून बघायच्या कामासाठी तसं न्यावंही. ओळच गेली असेल तर बदलावं. पण जुनं का गेलं ते सापडेपर्यंत नवं खोक्यातच राहू द्यावं, कारण त्याला मारणारी केबल, लॅम्प किंवा नळी अजून तिथेच असते.

बसवताना नव्या हेडवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. कारखान्यात त्या हेडसाठी मोजलेलं व्होल्टेज त्यावर छापलेलं असतं आणि ते प्रत्येक हेडचं थोडं वेगळं असतं. जुन्याचाच आकडा ठेवला तर नव्याचे थेंब लहान-मोठे पडतात आणि शेजारच्या हेडशी रंग जुळत नाही. लेबलवरचं व्होल्टेज मशीनमध्ये भरा, अलाइनमेंट करा, शाई भरून तासभर स्थिर होऊ द्या, मग पहिला नोझल चेक काढा आणि हेडचा सीरियल नंबर, व्होल्टेज, तारीख लिहून तो वहीत चिकटवा. त्या कागदावर एखादं नोझल पहिल्याच दिवशी कमी दिसलं तर त्याच्याभोवती पेनाने गोल करा. नाहीतर पुढे कधीतरी पाळी बदललेला दुसरा ऑपरेटर त्याच एका रेषेसाठी बाटलीभर शाईचा पर्ज मारत बसेल.